स्क्रीन काळी होऊन परत आली

दोन हजार सातच्या एका मंगळवारी दुपारी आकारामांनी शिरोली एमआयडीसीतून पोरीला पुण्याला फोन लावला. कास्टिंगसाठी, म्हणजे लोखंडाच्या ओतकामासाठी, लाकडी पॅटर्न घडवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता तेच आकार ते कॉम्प्युटरवर जुळवत आणि मशीनला कापायला देत.

"क्रांते, गेल्या आठवड्यात स्क्रीन एकदम काळी झाली अन् परत आली. चित्र हुतं तसंच दिसत हुतं, म्हणून कापायला दिलं. चाळीस कास्टिंगं भंगारात गेली की! कास्टिंगची भिंत एकीकडं पातळ निघाली. मालक म्हणत्यात, आकाराम, तुझा हात गेला आता."

"हाताचा काय संबंध, आण्णा?"

"बटन हातानंच दाबलं न्हवं?" ते हसले. मग म्हणाले, "तुमच्या त्या कार्डाचं तर काय न्हाय?"

"बघते," क्रांती म्हणाली.

बघायचं काहीच नव्हतं. स्क्रीन काळी होऊन परत आली, एवढं ऐकूनच तिला कळलं होतं. ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, तिचीच कंपनी लिहीत होती. कार्ड अडकलं की ड्रायव्हर ते गुपचूप पुन्हा सुरू करी. हिशेबासाठी कार्डावर ठेवलेली मापं तेवढ्यात पुसली जात, पण आकार जुळवणाऱ्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसे. तो उरल्यासुरल्या मापांवर कापायची खोली काढून मोकळा होई. 'कार्ड अडकलं होतं, दोष तुझा नाही, पण ठेवलेलं गेलं, नव्यानं कर,' एवढं तरी प्रोग्रामला कळवू या, असं तिनं मीटिंगमध्ये सुचवलं होतं.

"गिऱ्हाईक उगाच घाबरवायचं कशाला?" साहेब म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. प्रोग्रामनं विचारलं तर 'सगळं ठीक' म्हणणारी ओळ मग तिनंच लिहिली.

हे आण्णांना सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी चहाची कपबशी हातात असतानाच आकाराम कोसळले ते उठलेच नाहीत.

रक्षाविसर्जन उरकून माणसं घरी बसली होती. फाउंड्रीचे मालक विजयसिंह कडक इस्त्रीत आले, गुटख्याची पिंक दारातच टाकून आत बसले.

"लई मोठा कारागीर," ते म्हणाले. "शेवटी शेवटी हात चालंना झालता. पण मी कधी तोंडावर बोललो न्हाय."

"वय झालं की हुतंय तसं, पावणं," तानाबाई आत्यानं मान डोलावली. सख्खी बहीण, तीही पटल्यासारखी. मग भिंतीकडच्या दोघांनीही डोलावली.

क्रांतीला शिसारी आली. खोटं बोलणाऱ्या त्या गुटख्यानं रंगलेल्या तोंडाची आली, डोलणाऱ्या मानांची आली. मग ध्यानात आलं, या घडीला आपणही गप्पच बसलोय, मीटिंगमध्ये बसलो होतो तसंच. तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

ती उठून उभी राहिली.

"आण्णांचा हात गेला नव्हता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "कार्ड अडकलं होतं. ते लपवणारी ओळ मी लिहिली. मंगळवारी त्यांनी मला विचारलं, तेव्हा मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."