डोंगरावरचा डोळा

सूर्य मागच्या डोंगराआड गेला, गावावर सावली पसरली आणि माळावर जमलेला सगळा गाव श्वास रोखून समोरच्या डोंगराकडं बघू लागला. तेजनाथ महाराजांनी ओट्यावरून शंख फुंकला. समोरच्या कड्यावर देवीचा डोळा उघडला. इतका पांढरा, इतका धगधगीत, की मागच्या बायकांनी कपाळं जमिनीला टेकली.

"डोळं मिटायचं न्हाई," महाराज म्हणाले. "जो मिटंल त्याच्या पोटात पाप हाय. आईचा उजेड आत जाऊ द्या, मोतीबिंदू वितळतोय."

मोतीबिंदू लोण्याचा असतो, ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालापर्यंत डॉक्टर लोकांना ठाऊक नव्हती.

गर्दीमागं तिपाईवर कॅमेरा लावून नानासो उभा होता. इस्लामपुरात त्याचा फोटो स्टुडिओ. एका कॅलेंडरसाठी या कोरड्या मुलखातलं मावळतीचं ऊन टिपायला तो बहिणीच्या गावी येऊन राहिला होता. ती बहीण, हरणाबाई, पहिल्या रांगेत डोळे ताणून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सांगलीला ऑपरेशनचा दिवस ठरला होता. महाराजांनी सुरी लावायला मनाई केली.

"आक्का, मी उजेडावर पोट भरतो," नानासो घरी म्हणाला. "मी बी सूर्याकडं असं टक लावून बघत न्हाई."

"तुझा उजेड फुकटचा रं. ह्यो आईचा हाय. डोळ्यांत आग पडतीया, म्हंजे गुण येतोय."

पुढं दोन दिवस आभाळ भरून राहिलं. नानासोचा कॅमेरा पिशवीतच राहिला. महाराजांनी आई रुसल्याचं जाहीर केलं आणि नारळ मागवले. ढग आले की आपला धंदा बसतो, हे नानासोला माहीत होतं. देवीचाही बसतो, हे नवीन होतं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाव सावलीत जातं तेव्हा समोरच्या डोंगरावर अजून ऊन असतं. त्याच उन्हासाठी तर तो रोज ताटकळत होता, आणि देवीचा डोळाही त्याच उन्हावर उघडत होता.

आभाळ उघडलं त्या दिवशी तो समोरचा डोंगर पलीकडच्या बाजूनं चढला. तिथं जायला महाराजांची बंदी होती. करवंदीच्या जाळीमागं त्यांचा शिष्य भाऊसो बसला होता आणि त्याच्या मांडीवर देवी होती. कपाटाच्या दाराचा अख्खा आरसा.

"मी निस्ता धरतो, गड्या," भाऊसो म्हणाला. "शंख वाजला की कलता करायचा, एवढंच."

"खाली माझी बहीण आंधळी हुतीया," नानासो म्हणाला. "सोड."

खाली शंख वाजला. नानासोनं आरसा हिसकावून घेतला आणि कलता केला. उजेडाचा डाग माळाच्या रिकाम्या कडेनं सरकत गेला आणि ओट्यावर, थेट महाराजांच्या तोंडावर थांबला. महाराजांनी डोळे मिटले. मग हात आडवा धरला. मग उपरणं डोक्यावरून ओढलं. शेवटी उठून ते चालू लागले, तसा उजेडही मागोमाग चालू लागला.

जो मिटंल त्याच्या पोटात पाप, हे सगळ्यांना पाठ होतं.  मग कड्यावर अजून ऊन होतं तोवर गडी धावत डोंगर चढून आले. नानासोनं आरसा त्यांच्याच हातात दिला आणि प्रत्येकानं देवीचा डोळा स्वतः उघडून पाहिला. ते खाली उतरेपर्यंत महाराज पसार झाले होते.

सांगलीत हरणाबाईचा उजवा डोळा वाचला. डाव्याचा आतला पडदा जळाला होता. 

"नाना," परतीच्या एसटीत ती म्हणाली, "आख्खा गाव तिथं बसला हुता. वर जाऊन बघू, आसं एकाला बी का वाटलं न्हाई रं?"

  मी एवढंच सांगतो: उद्या तुमच्या डोंगरावर असा उजेड दिसला, तर हात नंतर जोडा. आधी वर चढा आणि आरसा कुणाच्या मांडीवर आहे ते बघा.