चष्मेवाल्यांची बाटली

लोकांना वाटतं, मी बाटली नाकाशी नेते आणि तारीख सांगते. तसं असतं तर आमच्या मांजरानेही हा धंदा केला असता. नाक सगळ्यात शेवटी. आधी खोकं, मग लेबल, मग काचेचा तळ, मग बूच. परफ्यूम बनवणाऱ्या जुन्या, नामवंत घराण्यांच्या बाटल्या जमवणारे हौशी लोक माझ्याकडे येतात. बाटली कोणत्या काळातली, अस्सल की नक्कल, एवढं मी सांगते आणि निम्मे लोक तोंड पाडून जातात. त्याला माझा इलाज नाही. तारीख मी कुणाच्या भिडेखातर बदलत नाही.

म्हणून एक ताई मला गाडीतून न्यायला आल्या आणि वाटेतच म्हणाल्या, "बाटली जुनी आहे, एवढंच सांगा," तेव्हा माझं डोकं तापलं.

"जुनी असली तर सांगेन."

"अहो, माझ्या भावजयीची आहे. ती जाऊन दहा वर्षं झाली. भाऊ एकटा राहतो, परवा न्हाणीघरात पडला. मी म्हणते माझ्याकडे चल, तर म्हणतो, ती अजून घरात आहे, तिचा सेंट कमी होतोय. तुम्ही सांगा त्याला, बंद बाटलीतूनही सेंट उडतो म्हणून. तुम्ही बाटली बघून काय सांगाल त्यावर तो यायचं की नाही ते ठरवणार आहे."

सत्तरी ओलांडलेल्या ताई गाडी अशी चालवत होत्या की मी पुढे वाद घातला नाही.

त्यांच्या भावाचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं होतं. त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत, ताईसुद्धा. दार उघडून त्यांनी आधी माझा चष्मा पाहिला, डाव्या बाजूला कललाय म्हणाले, तो काढून घेऊन काडी सरळ करून दिली आणि मग आम्हाला झोपायच्या खोलीत नेलं. आरशाच्या टेबलावर बाटली होती, काचेच्या बुचाची, खोक्यासकट.

बाटलीवर रेघा होत्या. लेन्सवर खूण करायच्या बारीक पेनाने, एकीखाली एक, मोजपट्टीवर असतात तशा. परफ्यूम सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली होता.

"दर रविवारी ओढतो," चष्मेवाले म्हणाले. "मला वास येत नाही. मोठं आजारपण झालं तेव्हापासून नाक गेलं. म्हणून डोळ्यांनी बघतो."

मी खोकं उलटं केलं. मागे घटकांची लांबलचक यादी छापलेली होती. या घराण्याच्या जुन्या खोक्यांवर ती नसायची. तळावरचा क्रमांक पाहिला, लेबलाचा कागद पाहिला. शंकेला जागाच नव्हती.

"ही तुमच्या पत्नी गेल्यानंतर तयार झाली आहे," मी म्हणाले. "दोन-तीन वर्षांनी तरी."

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. "मीच आणली होती रे," त्या भावाला म्हणाल्या. "तिची संपली होती आणि तू रात्र रात्र जागायचास. तू खोलीत नसलास की उशीवर थोडा सेंट ओतायचे. तुला वास येत नाही हे तू मला सांगितलं होतंस कुठे? पुढे गुडघे गेले, मग नाही जमलं. मी तर जिना आज चढले, दोन वर्षांनी."

"मला माहीत आहे," चष्मेवाले म्हणाले. "उशी ओली लागायची. रेघा त्यानंतरच्या आहेत."

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

मला खरंच वाटलं होतं की आता उडण्याबद्दल बोलावं आणि मोकळं व्हावं. पण उडत गेलेला परफ्यूम गडद होतो, पाकासारखा दाटतो. हा पातळच होता, मात्र गढूळ. उजेडाशी धरला तर आत बारीक तंतू तरंगत होते. ओतून वापरलेली बाटली अशी होत नाही. बूच गळ्याला, मनगटाला टेकवून परत आत घातलं की अंगाचं तेल बाटलीत उतरतं, आणि वर्षानुवर्षं तसं केलं की असा गढूळपणा येतो. बूच काढलं. ते ओलं होतं. बुचाला लागलेला वास फक्त तळाचा, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा होता, जड, लाकडासारखा. वरचा ताजा भाग केव्हाच मेलेला.

"तुम्ही लावता का?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. मी हुंगली, मानही हुंगली. साबण, बाकी काही नाही. ताईंची मनगटंही बघितली. मग मला भीती वाटली. हे काम करताना मला भीती वाटल्याचं आठवत नाही.

"ही बाटली कुणीतरी अंगाला लावतंय," मी म्हणाले. "अजूनही."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे."

"मग ताई, माझी बॅग भर. आजच निघू."

ताई पलंगावरून उठल्या. "अरे, मला वाटलं, ती इथे असेल तर तू हलणार नाहीस."

"भ्रम असता तर तुझ्याकडे आलो तरी बरोबर आला असता. मग हलून काय उपयोग? पण ती खरीच असेल तर ती या घरातली आहे. घर बंद केलं की सुटलो. मला तिची भीती वाटते ताई. लग्न झाल्यापासून वाटते. तुम्हा सगळ्यांना ते प्रेम वाटायचं."

बॅग भरेपर्यंत ताई रडत होत्या. बाटली टेबलावरच ठेवली. चष्मेवाल्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पत्रपेटीत टाकली. पुढच्या सीटवर त्यांच्या गाद्या-उशा रचल्या होत्या, म्हणून ते मागे माझ्या शेजारी बसले. मध्ये बॅग. म्हातारा गृहस्थ शाळा सुटलेल्या पोरासारखा बाहेर बघत होता. मला फार बरं वाटलं.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि संत्र्याची साल सोलावी तसा वास आला. त्याच परफ्यूमचा, पण वरचा, ताजा भाग. अंगाला लावल्यावर जेमतेम दहा मिनिटं टिकतो तो.

ताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं नाक चांगलं आहे," चष्मेवाले म्हणाले. "गाडीत कसला वास येतोय का?"

"नाही," मी म्हणाले.

ताईंनी आपल्या बाजूची काच खाली केली.

चष्मेवाल्यांनी त्या उघड्या काचेकडे पाहिलं. मग मधली बॅग उचलून मांडीवर घेतली, दाराला चिकटून बसले आणि आमच्या दोघांमधली जागा मोकळी करून दिली.