वाळूतलं किचन

समुद्र बघायचा हट्ट आमच्या घरात धरला तो मी. पोरीचं नाव फक्त पुढे केलं. संबोधी पाच वर्षांची. तिला आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावाचं पाणीही चिक्कार वाटतं. जायचं होतं ते मला. धरमपेठेत साड्यांच्या दुकानात मी दिवसभर उभी असते. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी साडी उलगडते. गिऱ्हाईक नाक मुरडतं, मी घडी घालते. तिथून नंदनवन वस्तीतल्या घरी आलं की पुन्हा ओट्यापुढे उभी. मला एकदा समुद्रासमोर वाळूत बसायचं होतं. बसून काहीही करायचं नव्हतं. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून पोरीचं नाव.

माझ्या नवऱ्याने, अंकुशने, मनावर घेतलं. तो हिंगण्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट थोडक्यात बसवायची सवय त्याच्या हाडात मुरलेली. मे महिन्यात दुरुस्तीसाठी कंपनी बंद असते, त्या आठवड्याची स्लीपरची तिकिटं त्याने कधीच काढून ठेवली. कोकणातल्या एका गावात, समुद्राजवळ, एका काकूंच्या घरामागची खोली मिळवली. खोली किचनवाली आहे, हे त्याने मला असं सांगितलं, जशी काही लॉटरी लागली. ओटा त्यांचा, शेगडी आपली.

सासूबाईंनी त्यावर कळस चढवला. तिकडे सगळ्यात खोबरं घालतात, पोरीच्या पोटाला सोसायचं नाही, असं त्यांचं ठाम मत. त्या स्वतः कधी वर्ध्याच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. तुरीची डाळ, तिखट, मुंगवड्या, ज्वारीचं पीठ, कणीक अशी पिशवी त्यांनी गच्च भरून दिली. अंकुशने इंडक्शनची शेगडी टॉवेलात गुंडाळली. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पण चेहऱ्यावर असा आनंद की माझ्याने काही बोलवेना.

रेल्वेने आणि मग एसटीने आम्हाला पुरतं घुसळून काढलं. पोहोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता. घरामागे, माडांच्या पलीकडे कुठेतरी समुद्र होता. संबोधी आणि अंकुश तसेच पळाले. पोरीला भूक लागेल म्हणून मी पिशवी उघडली.

तिथून जे सुरू झालं ते संपेचना. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस ऊन चढलं की दार लावून घेतो आणि उतरलं की उघडतो. हा नियम आम्ही समुद्रावरही नेला. काकूंनी अंकुशला समजावून पाहिलं की इथे वारा असतो, दुपारीही माडाखाली बसता येतं. अंकुशने त्यांना उलट लू म्हणजे काय ते समजावलं. तेव्हा समुद्र काय तो सकाळी आणि संध्याकाळी. आणि सकाळी नाश्ता असतो, संध्याकाळी स्वयंपाक. जेवायला जरा उशीर झाला की संबोधी उपाशीच झोपते, म्हणून तोही वेळेत.

बापलेक पुढे जायचे. मी मागून येते म्हणायची. भाकरी उरकून, ओटा पुसून, कुलूप लावून मी वाटेला लागले की ती दोघं समोरून ओलीचिंब येताना दिसायची, आणि संबोधी लांबूनच विचारायची की जेवायला काय आहे. मी तिथूनच मागे वळायची. किचनच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसायची. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसा समुद्र दिवसभर ऐकू यायचा. वैताग यायचा त्या आवाजाचा.

एकदा मी सुचवलं की आज खानावळीत जेवू. अंकुश नाही म्हणाला नाही. त्याने पिठाची पिशवी हातात धरून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, हे परत न्यावं लागेल. नागपूरचं पीठ संपवायलाच आपण इतक्या लांब आलोय, असं मला वाटायला लागलं. मी भाकरी थापल्या. जरा जोरातच थापल्या.

शेवटच्या संध्याकाळी दोघं निघाली, तेव्हा मी डाळ भिजत टाकलेली तशीच ठेवली आणि चप्पल घातली. जेवणाचं काय, असं अंकुशने विचारलं. येऊन बघू, म्हटलं.

वाळूवर पोहोचले, आता बसणार, तर संबोधीने हात धरून ओढलं. आधी आमचं घर बघ म्हणाली. बापलेक रोज वाळूचं घर बांधायची. रात्री भरतीचं पाणी ते न्यायचं, सकाळी पुन्हा बांधायची. आजचं सकाळी बांधलेलं अजून उभं होतं. उतारावर काठीने आखलेल्या खोल्या, वीतभर उंचीच्या भिंती. ती एकेक दाखवत गेली.

"हे आजीचं. हे माझं. हे बाबाचं, वरतं. इथं तो नाइट करून झोपते."

मग ती पाण्याच्या बाजूच्या खोलीत उभी राहिली. ती सगळ्यात मोठी होती, भिंती थापून गुळगुळीत केलेल्या. मधोमध तीन शिंपल्यांची चूल आणि पोळीसारखं गोल पान.

"अन् हे तुझं. किचन. तू इथं बस, आम्ही पाण्यात जाऊन येतो. मंग जेवू."

फार मायेने म्हणाली. लागलं मला. राग तिचा नव्हता. तिने जे रोज बघितलं ते मांडलं होतं, आणि मला सगळ्यात मोठी खोली दिली होती. अंकुशनेही ऐकलं. पायाच्या अंगठ्याने तो वाळू उकरत राहिला. पाण्याकडे गेला नाही, वर त्याच्या खोलीत जाऊन बसला.

मी बसले. समुद्रासमोर वाळूतच बसायचं होतं ना, तर बसले, किचनमध्ये. गुडघ्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. समोर पाणी आपणच उलगडत होतं, आपणच घडी घालत होतं. कुणी बोट दाखवत नव्हतं. मी नुसती बघत राहिले.

भरती चढायला लागली. आधी भिंतीचा कोपरा गेला, मग एक लाट सरळ मांडीवर आली. सलवार भिजली, पान तरंगत निघालं.

"आई, ऊठ नं," संबोधी रडकुंडीला आली. "तुझं किचन चाललं."

"जाऊ दे."

"मंग जेवण?"

"आज मी नाई करत. मले बसू दे, बोधी."

तिने बापाकडे बघितलं. तो म्हणाला, "बसू दे तिले."

संबोधीने फेसात हात घालून शिंपले वेचले, फ्रॉकला पुसले आणि वर बाबाच्या खोलीत नेले. ती खोली अजून कोरडी होती. तिने तिथे चूल मांडली.

"मंग हे इथं," ती म्हणाली. "बाबा, तू सरक जरा."

अंकुश सरकला.