आक्काच्या डोळ्यातलं फूल

आश्विनातलं तापलेलं ऊन, मळणीयंत्रातून उसळणारा सोयाबीनच्या भुसकटाचा सोनेरी धुरळा आणि त्या धुरळ्यात उभी राहून सगळ्यांना सूचना देणारी आक्का, माझी थोरली बहीण. हसनाबादच्या शिवारात तिचा आवाज तीन बांध ओलांडून जायचा; स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र ती पाषाणासारखी मुकी.

त्या मळणीत भुसाचा तुकडा तिच्या उजव्या डोळ्यात गेला. मला कळलं आठव्या दिवशी, तेही भाचीकडून. मधल्या काळात आक्का माझ्याशी दोनदा फोनवर बोलली होती, दिवाळीच्या फराळाविषयी! मी संतापले, तर म्हणाली, "दुखून न्हाई राह्यलं गं. मेडिकलवरून थेंब आणलेत. होईल बराबर."

दुखत नव्हतं, हीच भीतीची गोष्ट होती. मी तिला जालन्याला माझ्याकडे आणलं. नेत्रतज्ज्ञ बाईंनी शांतपणे समजावलं. बुबुळावरच्या त्या निर्मळ, रक्तहीन पडद्याला ओरखडा गेला, की काठावरच्या पेशी शेजारणींना निरोप धाडतात, निरोप पुढे पुढे पसरतो आणि त्या साऱ्या एकमेकींना धरून सरकत येतात, उघडी जागा झाकतात. आक्काच्या जुन्या मधुमेहानं तिथल्या नसा बधिर केल्या होत्या, निरोप मंदावले होते. त्यात चुकीच्या थेंबांनी जंतूंना मोकळं रान दिलं होतं.

मी विज्ञानाची शिक्षिका. वर्गात पेशी शिकवते, आणि सख्ख्या बहिणीला साखर तपासायला लावू शकले नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मळणी बंद पाडली असती."

"पाडलीच असती!"

"म्हणूनच."

दोन महिने औषध चाललं. "थेंब घातलेस?" "घातले म्हनलं ना!" बाटली मात्र भरलेलीच दिसायची. जखम अखेर बुजली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि त्या डोळ्याला दिसेनासं झालं. पडदा बदलता येईल, असं बाई म्हणतात, आक्का म्हणते, "पुढच्या साली बघू."

आता मी तिच्या उजव्या हाताला बसले, की तिच्यासाठी तिथे नसतेच. शेजारी बसूनही अनुपस्थित असण्याच्या त्या क्षणी मला चडफडत उमगतं, की काळ जखम झाकतो, पण झाकलेल्या जागेतून पलीकडचं दिसेलच, असं वचन तो कुणालाही देत नाही.