सरिताच्या खाटेखालची शेगडी

माझ्या खानावळीत अंडं शिजत नाही. सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या यार्नच्या कारखान्यांत राबणारी पोरं शिफ्ट सुटली की माझ्याकडे जेवायला येतात, आणि त्यांतला एखादा नवा शहाणा हमखास विचारतो, मावशी, रविवारी तरी अंडाकरी? जुनी पोरंच त्याला गप्प बसवतात. आमचं घर महानुभाव. लग्नाआधीच मी उपदेश घेतलाय. पाणी गाळून घेते, मुंगी मारत नाही आणि खोटं बोलत नाही. यामुळे चाळीत मला मान आहे, आणि यामुळेच माझ्याशी कोणी फार वेळ गप्पा मारत बसत नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्या फटकळ तोंडामुळे बसत नाहीत. तसंही असेल.

सरिता आली तेव्हा मी गहू पाखडत होते. गव्हाला किडे लागले होते. ते मी वाटीत गोळा करते आणि मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडते. सरिता समोरच्या खोलीत राहते. नवरा वाल्मिक, साक्रीकडचा, आमच्याच भागातला. कारखान्यात मशीन चालवतो. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, आता तिला चेकिंगच्या टेबलावर घेतलंय. पदरात दोन मुली. थोरली सोनी माझ्याकडेच शाळेतून येऊन जेवते.

ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "मावशी, मला दिवस गेलेत."

"मग पेढे कुठायत?"

"पेढे नाहीत. मला हे मूल नकोय. सिल्वासाला दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी या, संध्याकाळपर्यंत घरी सोडू, पण सोबत कोणी बाईमाणूस आणा. तुम्ही याल का?"

मी सूप खाली ठेवलं. पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो हा, "काय दिसलं सोनोग्राफीत? मुलगी?"

सरिताने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. पण प्रश्न तर विचारून झाला होता.

"दोन मुली आहेत म्हणून विचारलंत ना तुम्ही? पोटात काय आहे ते मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. मुलगा असला तरी नकोय. सासूबाईंना कळलं तर त्या म्हणतील, यावेळी मुलगाच असेल, ठेव. तुम्ही म्हणता मुलगी असेल म्हणून काढतेस. तुला हवंय का, असं कोणी विचारतच नाही."

"मग आधी काळजी घ्यायची."

"घेतली होती. तांबी सरकली. माझा काय दोष त्यात?"

मी तिला वाटी दाखवली. वाटीत किडे वळवळत होते. "हे बघ. यांनासुद्धा मी भिंतीपाशी सोडून येते. माझ्या लेखी तुझ्या पोटात जीव आहे. आणि तू मला सोबत बोलावतेस?"

"हो."

"का? मंजुषा आहे, तिला ने."

"मंजुषाताई संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला सांगतील. तुम्ही आपणहून कोणाला सांगत नाही."

"पण कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"ते पण माहितीये मला. चालेल."

"वाल्मिक काय म्हणतो?"

"म्हणतो, तुला वाटतं ते कर. पण दवाखान्यात येणार नाही. आला तर नंतर त्याचं तोंड बघूनच आईला कळेल म्हणे." ती हसली, पण हसू काही खरं नव्हतं. "मावशी, या दोघींना मी पुरते. रडतखडत नाही, चांगली पुरते. तिसऱ्याला नाही पुरणार. मी नीट विचार केलाय. मला भीती वाटत नाहीये."

मी नाही म्हटलं. साफ नाही. ती उठली, चपला घातल्या आणि रोजचा डबा न घेताच गेली. मी वाटी घेऊन मागे गेले आणि किडे भिंतीपाशी सोडले, पण रोज जसं बरं वाटतं तसं काही वाटलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणजे भगवंत, कारखान्यात फिटर. उपदेश ह्यांनीही घेतलाय, पण रविवारी मित्राकडे जातो म्हणून जातात तेव्हा तिथे काय खातात ते मी विचारत नाही. विचारलं तर त्यांना खोटं बोलावं लागेल. ह्यांचं मत सरळ होतं: "तिच्या अंगातलं तिला ठाऊक. तू कशाला डोक्यात घेतेस?"

"जीव आहे तो."

"असेल. पण वाढवणार ती, तू नाही." आणि ह्यांनी भाकरी मागितली. मला इतका राग आला की भाकरी मी ताटात वाढली नाही, टाकली.

मन फिरलं ते दुसऱ्या दिवशी, आणि ते फिरवलं मंजुषाने. मंजुषा शेवटच्या खोलीत राहते, स्वभावाने वाईट नाही, पण तिच्या पोटात काही राहत नाही. नळावर भेटली तर हळूच म्हणाली, "सरिताचं मला कळलं. वाल्मिकनेच माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी तिला म्हटलं, दवाखाना कशाला? मेडिकलमधून गोळ्या आण, घरात पडून रहा. मी दोनदा केलंय. करायचं, पण गवगवा करायचा नाही."

"आणि तुला काही झालं असतं तर?"

"झालं ना दुसऱ्या खेपेला. रक्त थांबेना. पण वाचले." ती कळशी उचलून निघून गेली, जणू भाजीचा भाव सांगितला.

मी तिथेच उभी राहिले. सरिता गोळ्या आणेल, खोलीचं दार लावून घेईल, सोनी शाळेतून येऊन दार वाजवत बसेल, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. जो जीव मला वाचवायचा होता तो माझ्या नाहीने वाचणार नव्हता. दुसरा मात्र माझ्या नाहीमुळे गेला असता. मी कळशी तशीच नळाखाली सोडून तिच्या दारात गेले.

"मी येते," मी म्हटलं. "पण मला हे पटलेलं नाही. आजही नाही, उद्याही नाही."

सरिता मुलीची वेणी घालत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "पटायला कुठे सांगते, मावशी? बसायला सांगते."

दवाखान्यात नर्सने विचारलं, "बेन, साथे कोण छे?" सरिताने माझ्याकडे बोट दाखवलं. नर्सने मग मलाच विचारलं, "सोच लिया है ना इसने?" मी म्हणाले, "इसने सोच लिया है. मैंने अलग सोचा है." नर्स माझ्याकडे बघतच राहिली. सरिताने तोंडाला पदर लावला, आणि मला वाटलं ती रडते, तर ती हसत होती.

मग तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून नामस्मरण केलं. कोणासाठी करत होते ते मलाच कळेना. जो यायचा होता आणि येणार नाही त्याच्यासाठी, आणि आत जी होती तिच्यासाठी, दोघांसाठी एकदमच. मला रडू आलं. ते मी आवरलं नाही. शेजारच्या गुजराती म्हातारीने पाण्याची बाटली पुढे केली. मी गाळलेलं नाही म्हणून नको म्हटलं, आणि तिला वाईट वाटलं म्हणून आणखी रडले.

सरिता बाहेर आली ती फिकी, पण ताठ. रिक्षात तिने माझा हात धरला आणि चाळ येईपर्यंत सोडला नाही.

आमच्याकडे पोट रिकामं झालं, मग ते कसंही झालेलं असो, त्याला कच्चं बाळंतपण म्हणतात. बाई बाळंतिणीसारखीच जपायची. मी दुसरा विचारच केला नाही. घरून शेगडी आणली, कोळसे पेटवले, सरिताच्या खाटेखाली सरकवली आणि निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. सुंठीचा गूळ केला. आईने माझं केलं तसंच मी केलं.

चूक झाली ती इथेच. चाळ आमच्या खानदेशातल्या लोकांची. निम्म्या बायकांची बाळंतपणं याच धुरीत झालेली. ओवा आणि शेपा जळल्याचा वास दारातून बाहेर पडला, आणि मंजुषाने तोंड उघडायची गरजच उरली नाही. ज्या घरात बाळ रडत नाही त्या घरातून बाळंतिणीची धुरी येतेय म्हटल्यावर कोण काय समजणार? कोणीतरी फोन केला. कोणी केला ते शोधायला मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अथालहून रिक्षाने कोंडाबाई आल्या.

कोंडाबाई म्हणजे वाल्मिकची आई. थोरल्या मुलाकडे अथालला असतात. आल्या त्या रडतच. सरिताच्या कपाळावरून हात फिरवला, तिच्या डोक्याशी बसल्या. "काय झायं वं सरी? माले कोनी सांगं नही."

वाल्मिक दारात उभा होता, आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. म्हणाला, "पडलं, आई. मोरीत पाय घसरला हिचा."

कोंडाबाईंनी मुलाकडे पाहिलं. आईच ती, तिला कळायचं ते कळलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी गुळाची वाटी हातात धरून उभी होते.

"प्रमिलाबाई, तुम्ही सांगा. तुम्ही उपदेशी, तुम्ही खोटं बोलतस नही. हाई खरं शे का?"

वाल्मिक मागून मला डोळ्यांनी विनवत होता. एक 'हो' म्हटलं की सगळ्यांची सुटका होती. कोंडाबाई चार दिवस रडल्या असत्या, सुनेला लाडू करून घातले असते आणि पुढच्या वेळी नवस बोलल्या असत्या. खरं सांगितलं तर ज्या पोरीने माझा भरवसा धरला तिला मीच तिच्या सासूच्या पुढ्यात उघडं पाडणार. इतक्या वर्षांत खोटं न बोलण्याचा मला असा राग कधी आला नव्हता.

सरिता कोपरावर उठली. "मावशींना अडकवू नका, आई. पाय घसरला नाही. मी दवाखान्यात जाऊन काढून घेतलं. मला नको होतं."

मग कोंडाबाईंनी मला विचारलं, आणि या वेळी आवाजात रडणं नव्हतं. "आनि तुम्ही?"

"मी सोबत गेले होते."

"तुम्ही? मुंगी मारतस नही त्या?"

"हो. मीच."

त्यांचा हात सरिताच्या कपाळावरून निघाला. त्या उठल्या आणि खाली वाकून खाटेखाली पाहिलं. "आनि हिले शेक? जिनी नातू मारा तिले बाळंतीनना शेक? इझाडा ही शेगडी." कोणी उठलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच माठावरचा तांब्या उचलून पाण्यात बुडवला.

मी गुळाची वाटी खाली ठेवली आणि खाटेच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. मी त्यांच्याहून उंच आहे, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला.

"कोंडाबाई, शेगडी माझी आहे."

"सरका."

"नाही सरकणार. तुम्हाला नातू हवा होता म्हणून राग आलाय, मला जीव गेला म्हणून आलाय. मला पटलेलं नाही, तुम्हालाही नाही. दोघी मिळून तिला बोलू. तुम्ही अथालहून येऊन बोला, मी समोरच राहते, मी रोज बोलेन. पण ही बाई काल दवाखान्यातून आलीय, आणि तिच्या खाटेखालची शेगडी कोणी विझवणार नाही."

कोंडाबाई भरला तांब्या हातात घेऊन उभ्या राहिल्या. पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं. मागे सरिताने माझ्या पदराचं टोक धरलेलं मला जाणवलं. शेवटी कोंडाबाईंनी तांब्या माठावर आदळला आणि मुलाला म्हणाल्या, "चाल, माले रिक्षा करी दे." जाताना त्यांनी सोनीच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनेकडे पाहिलं नाही.

वाल्मिक त्यांना सोडायला गेला तो बराच वेळ आला नाही. मला वाटलं, गेला हा आईबरोबर अथालला. तो आला तेव्हा त्याच्या हातात कोळशाची पिशवी होती. ती त्याने शेगडीशी ठेवली, आणि उकिडवा बसून फुंकर मारायला लागला. फुंकर मारताना त्याचे डोळे भरले, ते धुरामुळे असं आम्ही दोघींनी धरलं.

त्यानंतर चाळीतल्या दोघीतिघी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आमच्या नामस्मरणाच्या बैठकीतही एकीने सगळ्यांसमोर विचारलं, की तू गेली होतीस हे खरं का. मी म्हटलं, खरं. मग तिने विचारलं, पश्चात्ताप होतो का. मी म्हटलं, जीव गेला त्याचं दुःख होतं, गेले त्याचं नाही. तिला ते समजलं नसावं. मला समजतं, तेवढं पुरे.

दुपारचे डबे गेले की मी तेलाची वाटी घेऊन समोर जाते. सरिता पालथी होते. मी पाठीला तेल लावते आणि रोज तिला सांगते.

"तू वाईट केलंस, सरिता."

"तुम्हाला तसं वाटतं, मावशी. जरा खाली, कमरेत."

"मला हे कधीच पटणार नाही."

"नका पटवून घेऊ. उद्या येणार ना?"

"येणार नाही तर कुठे जाणार," मी म्हणते, आणि कमरेत जरा जोर लावते.