निकिताचा व्हिसा आणि हरीओमचं बॅनर

ही गोष्ट दोन हजार पंचवीस सालची. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याच्या, भागवतच्या, मुलीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. तिचं नाव निकिता. अकोल्याला शेतीची पदवी घेतलेली, आता मातीचा अभ्यास करायचा होता. तिकडच्या एका प्राध्यापकानं तिला आपल्या प्रयोगशाळेत काम देऊ केलं होतं, म्हणजे फी माफ आणि वर खायला-राहायला पुरेल एवढा पगार. मात्र जागा एकच होती आणि तो माणूस फार काळ वाट पाहणार नव्हता. व्हिसा मिळाला तर ही जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कोणाची तरी.

मी मनकर्णा. माझं लग्न धनजला झालं होतं. मालक गेल्यावर मी जऊळक्याला, माझ्या भावाच्या, शालिग्रामच्या घरी आले ती इथलीच झाले. शालिग्राम गेला, त्याच्या दोन मुलांनी घराच्या मधोमध भिंत घातली. एका बाजूला थोरला भागवत, त्याची बायको मंजुषा आणि ही एकुलती एक निकिता. दुसऱ्या बाजूला धाकटा हरीओम, त्याची बायको पौर्णिमा आणि दोन मुलगे. मी भागवतकडे जेवते आणि दोन्हीकडे चहा पिते.

अकोल्याला व्हिसाचं मार्गदर्शन करणारा एक माणूस होता. सगळे त्याला सर म्हणत. माझे डोळे दाखवायचे होते म्हणून मीही भागवत, मंजुषा आणि निकितासोबत गेले होते. सर म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा. शिकायला येणारा प्रत्येक जण तिकडेच राहायला येतोय, असं त्यांचा कायदा आधीच धरून चालतो. आपण परत येणार, हे मुलाखतीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला तुम्ही पटवून द्यायचं असतं."

भागवतचा चेहरा उतरला. मला मात्र हे नवीन वाटलं नाही. शालिग्राम अकोल्याला कॉलेजात निघाला, तेव्हा आमच्या बाबांनी आधी त्याचं साक्षगंध उरकून घेतलं होतं. पोरगी ठरलेली असली म्हणजे पोरगा गावाकडे परत येतो, असा त्यांचा हिशेब. तेव्हा मीटरगेजची छोटी गाडी होती. बाबा स्टेशनवर उभे राहून गाडीकडे नाही, शालिग्रामच्या पेटीकडे पाहत होते. एवढे कपडे कशाला नेतोय, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

दुसरी अट त्या वर्षीच आली होती. फेसबुक, इन्स्टाग्राम, जे काही असेल ते कोणालाही पाहता येईल असं उघडं ठेवायचं.

"म्हणजे न्हाणीले दारच लावू नोका म्हणतेत!" मंजुषा म्हणाली.

"आई, माह्या खात्यावर आहे काय? ज्वारीची कणसं अन् तुह्या हातचे रोडगे," निकिता म्हणाली आणि तिथंच बसून तिनं सगळं उघडं केलं.

मुंबईच्या मुलाखतीची तारीख मिळाली आणि आठवडाभरात स्टँडवर बॅनर लागलं. मी भाजी घ्यायला गेले होते. वर निकिताचा पदवीच्या टोपीतला फोटो, मागे अमेरिकेच्या उंच इमारती. खाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जऊळक्याची कन्या अमेरिकेत कायमची स्थायिक होणार, हार्दिक अभिनंदन!' त्याखाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी होते. कोणाच्या तरी लग्नातला फोटो कापून घेतला होता, माझ्या खांद्याशी परक्या बाईचं कोपर राहून गेलं होतं. सगळ्यांत मोठा फोटो हरीओमचा, गॉगल लावून.

तेवढंच असतं तर रात्रीतून उतरवलं असतं. हरीओमनं बॅनरचा फोटो काढून फेसबुकवर टाकला होता आणि सोबत निकिताचं नाव जोडलं होतं. ते तिच्या उघड्या खात्यावर दिसत होतं. भागवतनं सरांना फोन केला. सर चिडले. "आता काढू नका," ते म्हणाले. "त्यांनी एव्हाना पाहिलं असेल तर काढलेलं आणखी वाईट दिसेल."

भागवत भिंतीकडे पाहत बसला. मग हळूच म्हणाला, "आत्या, कायमची हा शब्द त्याले सुचला कसा?"

मंजुषानं मनातलं बोलून टाकलं. "त्याले दोन पोट्टे आहेत. आपल्याले एक पोरगी. ते तिकडे कायमची राह्यली म्हणजे आपलं वावर कोणाकडे जाईन?"

इथून आमच्या घरात संशय शिरला. मी उठले आणि भिंतीपलीकडे गेले. हरीओम खाटेवर बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होता.

"काहून गा हरीओम, कायमची काहून लेहलं?"

"मंग काय लेहू? शिकून वापस येऊन राह्यली, असं? त्याले कोणी अभिनंदन करते काय?" तो म्हणाला. "वाशिमच्या त्या वकिलाच्या पोराच्या बॅनरवर असंच होतं. म्या तेच छापाले सांगतलं."

"तिची मुलाखत व्हायची आहे अजून."

"आत्या, तू मले चोर समजून राह्यली काय? सोताच्या खिशातून बॅनर लावलं म्या. दादानं तर एक पेढा नाही दिला."

पौर्णिमा आतून म्हणाली, "चांगलं कराले गेलं तरी असंच आहे या घरात." मग तिनं मला चहा दिला. त्या दिवशी त्यात साखर कमी होती. मुद्दाम की चुकून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याचं खोटं नव्हतं. आमच्याकडे गावाबाहेर कायमचा गेला तोच मोठा झाला, असं लोक धरतात. पण तो माझ्याशी बोलताना पंपाकडेच पाहत होता, आणि मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे.

जुलैमध्ये मुंबईला मुलाखत झाली. काचेपलीकडच्या माणसानं तीन-चार प्रश्न विचारले. काय शिकणार, खर्च कोण करणार, नंतर काय करणार. निकिता म्हणाली, परत येणार. त्यानं पासपोर्ट परत दिला आणि सोबत एक छापील कागद. परत येण्याइतकं तुमचं घराशी नातं आहे हे तुम्ही पटवू शकला नाहीत, असा त्याचा अर्थ होता. तोच कागद तिच्या पुढच्या मुलालाही मिळाला होता. बॅनरचं नाव कोणी काढलं नाही.

हे फार वाईट झालं. बॅनरमुळेच नाकारलं असं कोणी सांगितलं असतं तर आम्ही हरीओमशी भांडलो असतो. बॅनरचा संबंध नाही असं कळलं असतं तर गप्प बसलो असतो. काहीच कळलं नाही. भागवत आणि हरीओम दोन वावरांमधल्या धुऱ्यावर समोरासमोर आले तरी एकमेकांना ओलांडून जाऊ लागले. पौर्णिमा विळी मागायला यायची ती बंद झाली. पोळ्याला दोन्ही घरचे बैल वेगवेगळ्या वेळी निघाले. मलाही सवय लागली, भिंतीपलीकडे कोणी हसलं की हे कशाला हसले असतील, असा विचार करायची.

प्राध्यापकानं जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवतो असं कळवलं. त्यानंतर नाही. निकितानं पुन्हा अर्ज भरला.

सोयाबीन काढणीला आलं होतं. हरीओमच्या वावरात थ्रेशर लागला होता. निकिता मला म्हणाली, "चाल आत्याआजी, काकाकडे." भागवतला तिनं सांगितलं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा मशीन नुकतंच थांबलं होतं आणि हरीओम मानेवरचा भुसा झटकत होता.

"काका, एक इचारू? राग नोको येऊ देऊ."

"इचार."

"कायमची लेहलं तेव्हा तुह्या मनात आमचं वावर होतं काय?"

मला वाटलं, आता हा ओरडणार. त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मजुरांकडे पाहिलं. ते दूर पाणी पीत होते.

"होतं," तो म्हणाला. "थोडंसं आलतं मनात. दोन पोट्टे आहेत बाई, माह्या वाट्यात त्याहीचं भागत नाही. पण तू चालली याचा हरिखही होता. दोन्ही होतं. आता मार मले."

"कायले मारू? बरं झालं सांगतलं," निकिता म्हणाली आणि खाली बसून तिनं सोयाबीनचे दाणे ओंजळीत घेऊन पाहिले. ती रागावली नाही. या पोरीच्या मनात काहीतरी शिजतंय, अशी शंका मला तेव्हाच आली.

नोव्हेंबरात दुसरी मुलाखत झाली. तिथं काय झालं ते तिनं परत आल्यावर ओसरीत बसून सांगितलं. हरीओमला तिनंच बोलावलं होतं. तो दाराशी टेकून उभा होता, मागे पौर्णिमा.

या वेळी खिडकीपलीकडे एक बाई होती. तिनं समोरच्या पडद्यावर पाहून विचारलं, "तुझ्या काकांनी लावलेल्या या बॅनरवर तू अमेरिकेत कायमची राहणार असं लिहिलं आहे. खरं आहे का?"

"मी म्हणाली," निकिता सांगू लागली, "मॅडम, माह्या बाबाले मी एकटी. काकाले दोन पोरं. मी वापस नाही आली तर आमचं वावर त्याहीच्याकडे जाईन. त्याहीले तसंच पाहिजे, त्याहीनं सोताच्या तोंडानं मले सांगतलं. काळी माती आहे ते, अन् मी मातीच शिकाले चालली. असं वावर सोडून कोणी राह्यते काय?"

"मंग?" भागवतनं विचारलं.

"त्या बाईनं इचारलं, काय पिकते. सोयाबीन, तूर, म्हटलं. मंग म्हणे, वापस येणार हे तू काकाले सांगतलं काय? म्हटलं, नाही अजून. ते हसली, अन् पासपोर्ट ठेवून घेतला."

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला. मंजुषा रडायला लागली. हरीओम म्हणाला, "अमेरिकेपर्यंत बदनाम केलं व बाई मले!" आणि सगळ्यांच्या आधी तोच हसला. मग सगळे हसलो. पौर्णिमा हसली नाही.

निकिता जानेवारीत गेली.

हरीओमचा मोठा मुलगा आता कॅनडाचं नाव काढतो. हरीओम त्याला पासपोर्टसुद्धा काढू देत नाही. तू वापस येशील कशावरून, असं विचारतो. पौर्णिमा अजून मंजुषाशी कामापुरतंच बोलते. भागवत दर पंधरवड्याला धुऱ्यावर चक्कर मारतो, आणि विचारलं तर डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणतो. अकोल्याच्या सरांनी निकिताचा फोटो आपल्या दुकानात लावला आहे. मी पूर्वीसारखा दोन्हीकडे चहा पिते.

निकिता दर रविवारी फोन करते, आईशी जास्त, माझ्याशी थोडं. मागच्या रविवारी म्हणाली, प्राध्यापक पुढे डॉक्टरेट कर म्हणतात, आणखी चार-पाच वर्षं. मी विचारलं, "मंग काय म्हटलं तू?" ती "पाहू," म्हणाली. शालिग्राम पहिल्या सुट्टीत घरी आला होता, तेव्हा शिकून गावी येशील ना असं बाबांनी विचारल्यावर याच आवाजात पाहू म्हणाला होता, आणि आला तो बऱ्याच वर्षांनी. मंजुषाला मी हे सांगितलेलं नाही.