न विरघळणारं औषध

माझ्या हाताला गुण आहे असं तोयामाच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचं. ही १९७४च्या हिवाळ्यातली हकीकत. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. आता नव्वदी आली, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण त्या अठरा दिवसांतला एकेक दिवस मला हवामानासकट आठवतो.

औषधं तयार करणाऱ्या माणसांना एक वेड असतं. नवा पदार्थ तयार होऊन समोर काकवीसारखा चिकट पडलेला असला तरी कोणाचं समाधान होत नाही. त्याचे स्फटिक पडले पाहिजेत. स्फटिक पडले म्हणजे पदार्थ शुद्ध, मोजता येण्यासारखा, बाटलीत भरून मिरवण्यासारखा. ते कधी पाच मिनिटांत पडतात, कधी पाच महिने पडत नाहीत. मग काचेची कांडी घेऊन भांड्याच्या आतल्या बाजूला घासत बसायचं. माझ्या हातून ते लवकर पडायचे. कोणाचं काम अडलं की हाक यायची, "सावाबे-सान, जरा याच्यासमोर येऊन उभ्या राहा हो. तुम्हाला घाबरतं ते."

आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ नागाए साहेब. लहान मुलांच्या आकडीवर औषध शोधण्यात त्यांनी आठ वर्षं घातली होती. रेणूला इथे एक शेपूट जोड, तिथून एक काढ, असं करत आम्ही तीनशे सात पदार्थ तयार केले आणि तीनशे सातवा लागू पडला. विद्यापीठाच्या रुग्णालयात अकरा मुलांना त्याच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्यांतली एक आठ वर्षांची कायो. नदीपलीकडच्या आमच्या कारखान्यातले मुकादम कादोकुरा यांची ही मुलगी. तिला दिवसाला वीस-पंचवीस झटके यायचे. जेवताना हातातल्या चॉपस्टिक्स उडून पडायच्या. कॅप्सूल सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक अख्खा दिवस झटका आला नाही. कादोकुरांनी त्या दिवशी प्रयोगशाळेत ट्राउट माशाच्या सुशीचे सहा डबे पाठवले होते.

फेब्रुवारीत कारखान्यातून फोन आला. औषधाचा नवा घाणा टाकीत तयार होता, पण स्फटिक पडेनात. दोन दिवस नुसता चिकट पाक. रुग्णालयात अठरा दिवस पुरतील एवढ्याच कॅप्सूल उरल्या होत्या.

"सावाबेंना पाठवा," फोनवर कादोकुरा म्हणाले, ते मला पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

मी कोट चढवला आणि कंपनीच्या गाडीने गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती होत्या. कादोकुरा दारातच उभे होते.

"आली आमची मांत्रिकीण! चला, तुमचा मंत्र घाला एकदाचा."

"मंत्र नाही, आधी चहा," मी म्हटलं.

"चहा मग. आधी माझ्या लेकीचं औषध."

टाकीतला थोडा पाक त्यांनी काचेच्या भांड्यात काढून दिला. मी बाह्या सावरल्या, भांड्यावर वाकले, कांडी घासायला लागले. तीन मिनिटंही झाली नसतील. तळाशी काहीतरी चमकलं आणि बघता बघता भांडं भरून आलं. ते मी टाकीत ओतलं. दुधाला विरजण लागावं तसं ते टाकीभर पसरलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. कादोकुरा कमरेत वाकले ते बराच वेळ सरळच झाले नाहीत.

एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. नेहमीचे आमचे स्फटिक बारीक सुयांसारखे, कापसाच्या पुंजक्यासारखे दिसायचे. हे चपटे होते, माशाच्या खवल्यांसारखे. पाहिलं, सुंदर आहेत असं मनात म्हटलं, आणि चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी तपासणी करणाऱ्या मुलीने साहेबांना खाली बोलावलं. पोटातल्यासारख्या कोमट, आंबट पाण्यात कॅप्सूल टाकायची आणि किती वेळात विरघळते ते पाहायचं, हे तिचं काम. नेहमी वीस मिनिटं लागायची. आम्ही गेलो तेव्हा चार तास झाले होते. कॅप्सूलचं कवच विरून गेलं होतं आणि औषध तळाशी वाळूसारखं बसलं होतं.

"पाणी गरम आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"तीनदा पाहिलं, साहेब."

"मग काही दुसरंच भरलं असेल."

"पदार्थ तोच आहे. तीनशे सातच आहे. फक्त विरघळत नाही."

साहेब खाली बसले. बसायला खुर्ची नव्हती, ते जमिनीवर बसले. एकच पदार्थ दोन तऱ्हांनी रचला जाऊ शकतो, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. विटा त्याच, भिंत वेगळी. ही नवी भिंत इतकी घट्ट होती की पोटात ती फुटणारच नव्हती. मुलांनी औषध गिळलं तरी जसं गिळलं तसं बाहेर पडणार.

"पुन्हा करा. सुया काढा," साहेब म्हणाले.

आम्ही पुन्हा केलं. प्रयोगशाळेत केलं, कारखान्यात केलं. जुन्या सुयांची चिमूट विरजणासारखी टाकून केलं. प्रत्येक वेळी खवलेच. आठ वर्षं जे हातचा मळ असल्यासारखं येत होतं ते एका आठवड्यात जगातून नाहीसं झालं. मला तर भीती वाटायला लागली, घरात कोणी अदृश्य माणूस शिरलंय अशी.

सातव्या दिवशी साहेबांनी आम्हाला गोळा केलं. "हे खवले पहिल्यांदा कोणी पाहिले?"

मग मला आठवलं. कारखान्यात जाण्याच्या दहा दिवस आधी, कपाटात विसरलेल्या तीनशे सातच्या एका भांड्यात असेच चमकते खवले सापडले होते. ते भांडं हातोहात फिरलं होतं. मी थोडे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, वहीत 'वेगळे दिसतात, सवडीने पाहणे' असं लिहिलं. कोणीच सवड काढली नाही.

"मी," मी म्हटलं.

"अंगावर काय होतं तेव्हा?"

"हेच. हाच स्वेटर, वरून कोट. कारखान्यात गेले तेव्हाही हेच."

त्यांनी स्वेटरच्या बाहीचा एक लोकरीचा धागा कात्रीने कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ पाहिलं. मग बाजूला सरकून मला जागा करून दिली.

लोकरीच्या केसाकेसात खवले अडकलेले होते. बारीक, लखलखीत. डोळ्यांना कधी न दिसणारा असा एक कण पुरतो. पाक बाकीचं काम स्वतः करतो. मी ते केसांत, बाह्यांत घेऊन नदीपलीकडे गेले होते आणि भांड्यावर वाकले होते. ज्या हाताचं सगळे कौतुक करत होते त्याच हाताने मी कायोचं औषध मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मी कारखान्याच्या फाटकाबाहेर बर्फात उभे राहिलो. आत पाय ठेवायला मी तयार नव्हते. कादोकुरा बाहेर आले. मी गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं आणि सगळं सांगितलं.

"उठा," ते म्हणाले. मी उठले नाही. "उठा म्हणतो ना! इथे माझी माणसं बघतायत." मग हळू आवाजात, "म्हणजे आता औषध होणारच नाही?"

"सुया पडत नाहीत," साहेब म्हणाले. "दुसरीकडे, नव्या जागेत, नव्या माणसांकडून करून पाहू. चार-पाच महिने लागतील."

"दहा दिवसांचं औषध उरलंय, आणि तुम्ही महिने सांगता?" कादोकुरांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला एक सांगा. मी शाळा आठवीपर्यंत शिकलोय, चुकलं तर हसा. सावाबे-सान यायच्या आधी माझ्या टाकीत जो पाक होता, त्यात औषध नव्हतं?"

"होतं."

"विरघळलेलं?"

"अर्थात. पण तो नुसता पाक..." साहेबांचं वाक्य तिथेच तुटलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. विरघळत नाही म्हणून पाच दिवस रडत होतो, आणि आधीच विरघळवून द्यावं हे दोन पदवीधरांच्या डोक्यात आलं नव्हतं. स्फटिक नाही म्हणजे औषध नाही, हे आमच्या हाडात इतकं भिनलं होतं.

"असं काय बघताय?" कादोकुरा ओरडले. "चुकलं का माझं?"

"नाही," साहेब म्हणाले. "नाही हो. आमचं चुकलं."

पुढचे आठ दिवस मी कशात काय विरघळतं एवढंच पाहत होते. तिळाच्या तेलात थोडं, एरंडेलात बरं, आणि एरंडेलात जरासं अल्कोहोल घालून गरम केलं की खवले पूर्ण नाहीसे. चव अशी की मी थेंबभर चाखला आणि दिवसभर भात गोड लागला नाही. आधी कुत्र्यांना पाजून पाहिलं, त्यांच्या रक्तात औषध उतरलं. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दोन रात्री विचार करून होकार दिला.

एक धोका होता. त्या तेलात माझ्या बाहीवरचा एक कण पडला असता तर बाटलीत पुन्हा खवले झाले असते. म्हणून शेवटचं काम, औषध तेलात विरघळवून बाटल्या भरायचं, आमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत करायचं नाही असं ठरलं. साहेब सार्वजनिक स्नानगृहात गेले, तीनदा डोकं धुतलं, दुकानातून नवे कपडे आणि नवे बूट घेतले, आणि तिथूनच थेट रुग्णालयाच्या औषधशाळेत. मी घरच्या फोनवरून त्यांना एकेक पायरी सांगत होते. आठ वर्षं त्यांनी मला सांगितलं होतं, त्या दिवशी ते "हं, पुढे?" एवढंच म्हणत होते.

सतराव्या दिवशी कायोला पहिला चमचा मिळाला. तो तिने कादोकुरांच्या शर्टावर थुंकला. दुसरा नाक दाबून पाजला. बाकीच्या दहाही मुलांना त्याच दिवशी तेल सुरू झालं.

कॅप्सूल संपल्या. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी कादोकुरांचा फोन आला.

"काल दोन झटके. आज एकही नाही. अजून."

"रक्त तपासलं?"

"तपासलं. आहे म्हणतात रक्तात." मग घसा खाकरून, "सावाबे-सान, तिला तुम्हाला बघायचंय. मी नको म्हटलं. म्हणजे, राग नाही हो... बाटली तिच्या उशाशीच असते."

"बरोबर केलंत," मी म्हटलं.

तरी रविवारी मी गेले. रुग्णालयाच्या अंगणात, तिच्या खिडकीखाली, बर्फ बाजूला केलेल्या वाटेवर उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक काळंभोर डोकं बाहेर आलं, मागून कादोकुरांचे हात तिची कंबर धरून.

"तुम्हीच का ती काकू?" ती ओरडली.

"हो, मीच!"

"ते औषध फार घाण आहे! माशाच्या आतड्यासारखं!"

"माहीत आहे! मी चाखलंय!"

"मग चांगलं करा ना!"

तेवढ्या थंडीत ती आपल्या पायांवर उभी होती, एकामागून एक वाक्यं ओरडत होती, आणि झटका येऊन मध्ये कुठेही थांबली नव्हती. मी नुसती वर बघत राहिले.

"ऐकू आलं का?" ती पुन्हा ओरडली. "उद्यापासून!"

"उद्यापासून," मी म्हटलं, आणि संत्र्याच्या सालीची चव एरंडेलात किती उतरते ते पाहायचं मनाशी ठरवत ट्रामच्या थांब्याकडे निघाले.